घासून काढलेलं नाव

पिको-फॉल करणारी सुमनबाई पलंगाच्या कठड्यावर वाकली, तोंड अगदी कानाशी नेऊन तिनं 'भागम्मा' अशी हाक मारली, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन परवापासून निपचित पडलेल्या बाईनं डोळे उघडले. पुरते उघडले. आधी छताकडं पाहिलं, मग आवाज आला त्या बाजूला बुबुळं हळूहळू वळली, ओठ हलल्यासारखे झाले आणि पुन्हा सगळं मिटलं. सिस्टर अर्पिता धावत आली, मनगट धरून आजी, आजी, इकडं बघा म्हणू लागली, पण तेवढंच. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला त्या बाईचा नवरा राजेश्वर उभा होता. परवापासून भेटीच्या प्रत्येक वेळेला तो आत येत होता, निळा गाऊन चढवत होता आणि हाका मारत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आवाजाला ओळख दाखवली तर आशा आहे, घरच्या माणसानं नावानं हाक मारत राहायचं. घरचं माणूस म्हणजे तोच. आणि त्याच्या इतक्या हाकांना जिनं पापणीसुद्धा हलवली नव्हती, तिनं मागच्या गल्लीतल्या एका शिलाई मशीनवाल्या बाईला ओ दिली होती, तीही अशा नावाला, जे त्याच्या घरात चाळीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग, आणि त्या रागात हात कुठं ठेवावेत हे न कळून तो गाऊनच्या नाड्या सोडत-बांधत राहिला.

नावानं हाक मारा, असं सांगायला डॉक्टरचं काय जातं. डॉक्टर तरुण, त्याची बायको त्याच दवाखान्यात सोनोग्राफी करते, दोघं एकमेकांना भर वऱ्हांड्यात नावानं बोलावतात. राजेश्वरच्या घरात हा शिरस्ता नव्हता. त्यानं बायकोला अगं म्हटलं, ऐकलं का म्हटलं, पोरगा झाल्यावर बसूची आई म्हटलं, आणि पुष्कळदा काहीच न म्हणता नुसतं खाकरून भागवलं. ती त्याला अवो म्हणायची. खाकरल्यावर ती स्वयंपाकघरातून बरोबर पाण्याचा तांब्या घेऊन येई की चहा, हे खाकरण्याच्या तऱ्हेवर अवलंबून असे, आणि त्यात तिची कधी चूक झाली नाही याचा त्याला अभिमान होता. आयसीयूत पहिल्या दिवशी तो 'अगं' म्हणाला. 'अगं ए, ऐकलं का' म्हणाला. तेव्हा शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या पेशंटच्या मुलीनं वळून पाहिलं, कारण अगं म्हटल्यावर कोणतीही बाई वळते. सिस्टर अर्पिता म्हणाली, काका, नाव घ्या ना त्यांचं. मग त्यानं इकडंतिकडं पाहून, घसा साफ करून, 'अनुपमा' म्हटलं. कचेरीतल्या शिपायानं पुकारावं तसं ते तोंडातून निघालं. त्याची त्यालाच लाज वाटली. बाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आपण भलत्याच कुणाच्या बायकोला बोलावतोय असं वाटून त्यानं ते नाव पुन्हा म्हटलं, मग जोरानं म्हटलं, आणि जितकं म्हटलं तितकं ते जास्त परकं झालं.

गंमत अशी की ते नाव त्यानंच निवडलेलं होतं. लग्न ठरलं तेव्हा मुलीचं नाव भागम्मा आहे हे कळल्यावर तो मित्रांत तोंड लपवत फिरला होता. मुलगी बिदरकडची, मराठीत कानडी हेल, आणि वर भागम्मा. परभणीच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या सांबप्पाचा मुलगा, मॅट्रिक झालेला, शर्टाची कॉलर ताठ ठेवणारा, त्याच्या बायकोचं नाव भागम्मा. मग एकदा डॉक्टरीणबाईंच्या स्टीलच्या ताटांवर नावं टाकता टाकता त्याच्या हाताला अनुपमा हे नाव लागलं. तेव्हा मशीन नव्हतं, बारीक छिन्नी आणि हातोडी. एका लयीत ठिपक्यांची रांग पाडत जायचं. अनुपमा हे नाव हाताला कसं मोकळं लागलं, कुठं अडलं नाही, कुठं छिन्नी फिरवून धरावी लागली नाही. हेच, असं त्यानं ठरवून टाकलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून दिले, त्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात अनुपमा लिहिलं, बायकांनी वाचून वा वा केलं, आणि कुणीतरी ते ताट उचलून नवरीपुढं धरलं. तिनं खाली मान घालून पाहिलं. तिला मराठी वाचता येत होतं की नव्हतं हे त्याला त्या वेळी ठाऊक नव्हतं, आणि नंतर विचारायचं राहून गेलं. मग ते तांदूळ स्वयंपाकात गेले. त्याच दिवशी दुपारी सगळ्या वऱ्हाडानं त्या नावाचा भात खाल्ला, आणि नाव संपलं. सासऱ्यानं तिला कधी हाक मारली नाही, सासू पोरी म्हणायची, आणि नवरा अगं.

सुमनबाईला त्यानं बाहेर वऱ्हांड्यात गाठलं. ती बाकावर बसून, पदर डोक्यावरून पुढं ओढून, डोळे मिटून पुटपुटत होती. तिचं होईपर्यंत त्याला उभं राहावं लागलं, हेही त्याला लागलं. ती राहते तिथं त्याची बायको साड्यांना फॉल लावायला नेते एवढंच त्याला ठाऊक होतं. गुरुवारी दुपारी जाते, दिवेलागणीला येते. दोन साड्यांना इतका वेळ कसा लागतो हे विचारावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं, कारण गुरुवारी बाजार बंद, आणि तो झोपलेला असे. सुमनबाईच्या दारावर क्रूस आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. सुमनबाईनं काही लपवलं नाही. विचारलं तेवढं सांगितलं, शांतपणे, आणि त्यात एक शब्दसुद्धा मोठा केला नाही. तीन-चार वर्षांपासून त्या प्रार्थनेला बसतात. दोन वर्षांमागं पालमच्या बाजूला नदीवर त्यांचा बाप्तिस्मा झाला. पास्टर होते, आणखी दहा-पंधरा माणसं होती. तुमाला सांगा म्हणून आमी लय म्हणलो, ती म्हणाली, त्या म्हणल्या, इचारलं तर सांगीन.

"आन् हे नाव तुमी दिलं तिला?" राजेश्वरनं विचारलं. 

"आमी कायच दिलं न्हाई, आप्पा. पास्टर म्हणले, नवीन नाव घ्यायचं तर घ्या. रूथ घ्या, मार्था घ्या. त्या म्हणल्या, माझं एकदा बदलून झालंय, आता पुन्हा न्हाई. मग म्हणल्या, देवाला माझं कोणतं नाव ठावं हाय? पास्टर म्हणले, आईच्या पोटात होता तवापासून तो तुमाला वळखतो. तर म्हणल्या, तवा तर मला नावच नव्हतं. सगळे हासले. मग त्याच म्हणल्या, मग माझ्या बापानं पयलं ठेवलं तेच ऱ्हाऊ द्या, त्याला हुडकायला सोपं जाईल."

राजेश्वर हसला. हसू येण्यासारखं काही नव्हतं. देवाला हुडकायला सोपं. सबंध परभणीच्या लेकीबाळींची नावं ह्या हातानं भांड्यांवर टाकली, पालमपासून वालूरपर्यंत कुणाच्या घरात कुणाच्या नावाची परात आहे हे तो झोपेतही सांगेल, आणि त्याच्याच घरातली बाई आपलं नाव विचारायला नदीत उतरते. त्यानं आणखी काही तरी टोचणारं बोलायचं म्हणून विचारलं, की तिथं बसून काय ऐकायच्या त्या. सुमनबाईला त्यातला टोमणा कळला नाही, किंवा कळूनही तिनं तो खाली पडू दिला. म्हणाली, त्यायला एक गोष्ट लय आवडायची, सारखी सांगायला लावायच्या. देवळात एक पोरगं झोपलेलं असतं. त्याला कुणीतरी नावानं हाक मारतं. ते उठून पळत म्हाताऱ्या पुजाऱ्याकडं जातं, म्हणतं, मला बोलावलं का? म्हातारा म्हणतो, मी न्हाई हाक मारली, जा, झोप तू. असं पुन्हा होतं, पुन्हा होतं. मग म्हाताऱ्याच्या ध्यानात येतं की हाक मारणारा दुसराच हाय. तवा तो पोराला शिकवतो, आता हाक आली तर म्हण, बोल देवा, मी ऐकायलोय.

"आन् म्हाताऱ्याचं काय होतं?" 

सुमनबाईला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. "त्याचं पुढं काय चांगलं होत न्हाई," ती म्हणाली.

मग राजेश्वरनं जे केलं ते अगदी सभ्यपणे केलं. आलात, बरं झालं, पण आता येऊ नका, घरच्याच माणसांना सोडतात आत, असं तिला सांगितलं, आणि ती जिना उतरल्यावर दारावरच्या वॉचमनलाही तेच सांगून ठेवलं. वॉचमननं मान हलवली. इतकी वर्षं दुकानात बसून लोकांना नाही कसं म्हणायचं ते त्याला चांगलं जमत होतं. मग घरी येऊन आंघोळ करून तो देवघरापुढं बसला. दवाखान्यात तिचे दागिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले होते, मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, आणि त्यात गळ्यातलं लिंग नव्हतं. त्यानं तिथं सिस्टरवर केवढा आवाज चढवला होता. लिंगायताच्या बाईच्या गळ्यातलं लिंग हरवता म्हणजे काय. ती पोरगी रडकुंडीला आली होती, काका, आल्या तेव्हाच नव्हतं. आता देवघरात भस्माच्या डबीमागं त्याला ते सापडलं, दोऱ्यासकट, कापसात गुंडाळलेलं, वर ताजं बेलाचं पान. ताजं म्हणजे ती पडली त्या सकाळचं. म्हणजे तिनं ते टाकलं नव्हतं. रोज त्याला पान वाहत होती आणि गळ्यात घालत नव्हती. ह्या दोन गोष्टी एकाच बाईत कशा राहत होत्या हे त्याला उलगडेना, आणि आपल्या घरात अशी एक बाई राहत होती, हे तर त्याहून नाही. तिनं सरळ भांडण केलं असतं, बाजू घेतली असती, तर तो भांडला असता. भांडायला त्याला कुणी तरी हवं होतं.

त्याला दोन वर्षांमागची ती ओली साडी आठवली. बहिणीकडं पालमला जाऊन येते म्हणून ती सकाळच्या एसटीनं गेली होती आणि संध्याकाळी परत आली तेव्हा पिशवीत ओल्या साडीचा बोळा होता. हे काय म्हणून त्यानं विचारलं होतं. 'गंगेत उतरले होते,' ती म्हणाली होती. त्याला बरं वाटलं होतं. आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, बाई एवढ्या लांब गेली आहे तर अंग धुऊन आली, त्यात घराचंच भलं. तेव्हा तिनं अंगणातल्या तारेवर ती साडी पसरली, आणि पसरताना ती काहीतरी गुणगुणत होती. त्यानं पेपर वाचता वाचता ऐकलं होतं. तिला गाता येतं हे त्या दिवशी कळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो विसरला होता. विचारलं तर सांगीन. आणि त्यानं विचारलं होतं की. तिनं सांगितलंही होतं. पुढचा एक प्रश्न, कशाला उतरली होतीस, एवढाच राहिला होता, आणि तो विचारायला त्याला दोन वर्षं मिळाली होती. त्याला तिचा संताप आला. खोटं बोलली असती तर सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलगा बसवेश्वर आला. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच राहिलेलं, डोळे जागरणानं लाल. त्यानं आईचा हात धरला, आई, आई, मी बसू, मी आलोय, असं किती वेळ म्हणत राहिला. काही झालं नाही. बाहेर येऊन भिंतीला टेकून तो रडला, आणि राजेश्वरला त्याच्या पाठीवर हात ठेवताना एक घाणेरडं समाधान वाटलं, की पोराच्या हाकेलाही ती उठली नाही. हे समाधान जाईपर्यंत तो जिन्यात उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू, पण फार नाही. प्रतिसाद येत नसेल तर नांदेडला हलवावं लागेल, आणि त्या प्रवासात काहीही होऊ शकतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. काल एकदा डोळे उघडले होते, तसं पुन्हा झालं तर हलवायची गरज नाही. सिस्टर अर्पिता मागून म्हणाली, सर, त्या एक बाई आल्या होत्या, त्यांच्या हाकेला उघडले होते, त्यांना बोलवा ना. बसवेश्वरनं विचारलं, कोण बाई? राजेश्वर म्हणाला, गल्लीतली होती कुणी, योगायोग होता. सिस्टरनं त्याच्याकडं पाहिलं. बसवेश्वर म्हणाला, पण आप्पा, बोलवायला काय हरकत आहे. पोरगाही आप्पाच म्हणायचा. पाहू, असं म्हणून राजेश्वर दुकान उघडून येतो म्हणाला. बायको मरणाच्या दारात असताना दुकान कशाला, हे पोराच्या तोंडावर आलेलं त्याला दिसलं. त्याचं त्याच्याजवळ उत्तर होतं, पण ते पोराला सांगण्यासारखं नव्हतं.

दुकानामागच्या खोलीत माळ्यावर मोडीची भांडी पडलेली होती. शिडी लावून तो वर चढला, गुडघे कुरकुरले. सगळ्यात मागं, पाटीखाली, ती पितळेची कळशी होती. तिच्या बापानं बिदरहून पाठवलेली, लेकीला पाणी भरायला. त्यावर गळ्यालगत, कुण्या कानडी मुलखातल्या कारागिरानं, गोल गोल, पोटभर अक्षरांत भागम्मा असं टाकलं होतं. मराठीत टाकलं होतं, कारण लेक मराठी मुलखात चालली होती. ते काम बरं होतं. जोडाक्षरापाशी हात जरासुद्धा अडलेला नव्हता, हे राजेश्वरला तेव्हाही दिसलं होतं आणि तेव्हाही आवडलं नव्हतं. त्याचा बाप सांबप्पा म्हणाला होता, घरात एकच नाव पायजे. बापानं म्हटलं ते खरं, पण कानस त्यानं उचलली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर बसून कळशी मांडीत घेऊन तो घासत होता आणि ती दारात उभी होती. पितळेचा पिवळा भुगा त्याच्या धोतरावर, तिच्या पायाजवळ, पायरीच्या फटीत पडत होता. दातात कळ जाईल असा तो आवाज. एकेक अक्षर पुसट झालं, मग दिसेनासं झालं, तरी तो घासत राहिला, कारण उजेडात धरलं की अजून वाचता येत होतं. मग त्या गुळगुळीत जागेवर त्यानं सांबप्पा टाकलं. ती कळशी घेऊन आत गेली आणि पाण्याला निघाली. तिला राग आला नाही म्हणून तो खूश झाला होता, बायको गुणाची मिळाली असं त्यानं मित्रांना सांगितलं होतं. काही वर्षांनी कळशी बरोबर त्याच जागी पाझरायला लागली. घासून घासून पत्रा इतका पातळ झाला होता. कथलाचा डाख दिला, टिकला नाही. मग ती माळ्यावर गेली.

कळशी उजेडाकडं धरून तो पाहत बसला. सांबप्पा हे नाव डाखाच्या डागात अर्धं बुडालं होतं. त्याखालचं काहीही दिसत नव्हतं. आपलं काम पक्कं होतं. पण बोटाला लागत होतं, किंवा लागतंय असं त्याला वाटत होतं. ते नाव त्याला ह्या सगळ्या वर्षांत ठाऊक होतं. सुमनबाईनं हाक मारली तेव्हा ते त्याला नवीन नव्हतंच, आणि रागाचं खरं मूळ तिथं होतं. आणि मग, काही कारण नसताना, त्याला स्वतःची भीती वाटली. उद्या आपण त्या पलंगावर पडलो आणि डॉक्टर म्हणाला, नावानं हाक मारा, तर कोण कोणत्या नावानं मारणार? आप्पा म्हणजे कुणीही. बाजारात आप्पा म्हटलं तर चार दुकानांतून चार म्हातारे बाहेर येतात. राजेश्वर असं बँकेतला कॅशियर म्हणतो. आई राजू म्हणायची, ती जाऊन जमाना झाला. बायकोनं त्याचं नाव एकदा घेतलं, लग्नात, बायकांनी दार अडवल्यावर उखाण्यात, कानडी हेलात, इतक्या हळू की पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही. त्यालाही नाही. त्याला हुडकणारं कुणी नव्हतं, ना खाली ना वर. तिनं निदान आपला पत्ता कुठंतरी कळवून ठेवला होता. त्याला तिचा हेवा वाटला, इतका की त्यानं कळशी खाली आपटली. डाखाचा टवका उडाला आणि त्या जागी भोक दिसलं.

संध्याकाळच्या भेटीला तो एकटा आत गेला. बसवेश्वरला त्यानं चहाला पाठवलं. सुमनबाईला बोलवायचं नाही हे त्याचं ठरलं होतं आणि नांदेडला न्यायचं नाही हेही. तिला उठवायचं तर आपण उठवायचं. नाव काय कुणाच्या बापाचं नाही, तो मनात म्हणाला, आणि मग ते तिच्या बापाचंच होतं हे त्याच्या लक्षात आलं. देवळात शिरताना पाय धुवावेत तसा तो हात पुन्हा पुन्हा सॅनिटायझरनं चोळत राहिला. सिस्टर अर्पिता टेबलाशी काहीतरी लिहीत होती. तिनं मान वर करून पाहिलं. राजेश्वर कठड्यावर वाकला. स्पिरिटचा वास, त्याखाली तिच्या केसांच्या तेलाचा जुना वास. इतक्या जवळून, उजेडात, शुद्धीत, त्यानं तिच्या कानाकडं कधी पाहिलं नव्हतं. कानाची पाळी कुड्यांनी ओघळून लांब झाली होती. त्यानं ओठ जुळवले. छिन्नीनं नाव टाकताना तो अक्षर आधी ओठांनी म्हणायचा, मग हात चालायचा, तशीच सवय.

"भागम्मा," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. ह्या वेळी ते छताकडं गेले नाहीत. सरळ आवाजाच्या जागी आले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यानं ह्या सबंध संसारात पाहिलं नव्हतं. ती ओळखीनं उजळली. कुणीतरी फार वेळ वाट पाहायला लावून शेवटी दारात यावं आणि त्याच्यावर रागवायचंही सुचू नये, तशी. सगळं माफ, असं त्याला वाटलं, सगळं, नदी, ओली साडी, तीन-चार वर्षांचे गुरुवार. तिचा डावा हात लुळा पडला होता. उजवा हात चादरीवर चाचपत राहिला, काठ सापडला, आणि तिनं तो मोठ्या कष्टानं वर ओढत ओढत डोक्यावर घेतला, केसांवरून पुढं, कपाळापर्यंत. वऱ्हांड्यात बाकावर बसून सुमनबाईनं पदर घेतला होता, अगदी तसा. ओठ हलले. जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

"बोल देवा," ती म्हणाली. "मी ऐकायलेय."

सिस्टर अर्पिता खुर्ची सरकवून उठली होती. काका, बोलल्या हो, ती म्हणत होती, ओळखलं बघा तुम्हाला, डोक्यावर पदरसुद्धा घेतला, थांबा, मी सरांना बोलावते. राजेश्वर हळूच एक पाऊल बाजूला सरकला. तिची नजर त्याच्या मागं आली नाही. तो मघाशी जिथं वाकला होता त्या मोकळ्या जागेवर ती ठरलेली होती, तितकीच आनंदी, तितकीच वाट पाहणारी. तो पुन्हा तिथं आला, तिच्या नजरेपुढं, आणि तिनं त्याच्यातून पाहिलं. आयुष्यात एकदा तिला तिच्या नावानं हाक मारली, आणि तीही त्याच्या नावावर जमा झाली नाही. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, मी हाय, मी मारली हाक, हा बघ मी, राजेश्वर. पण ते नाव तिला कुठून कळणार होतं. आणि कळलं असतं, तर चेहऱ्यावरचं हे जे होतं ते जागच्या जागी विझलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खाकरलं की पाणी घेऊन येणारी बाई पुन्हा त्या डोळ्यांत येऊन उभी राहिली असती. शिवाय, हाक मारली खरी, पण पुढं काय बोलायचं ते त्याच्याजवळ नव्हतं. ती ऐकत होती. एवढी मन लावून ती त्याचं कधी ऐकत नव्हती, किंवा ऐकत होती आणि त्यानं पाहिलं नव्हतं. ह्याचा निकाल आता लागणार नव्हता. दाराशी डॉक्टरांची पावलं वाजली. त्यानं तिच्या कपाळावरचा चादरीचा काठ नीट केला, आणि तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला,

"मी न्हाई हाक मारली. झोप तू."